धुळीवर घेतलेला आळ

शिंक थेट तोंडात आली. मगरीनं बसचं स्टिअरिंग हातात घेतलं होतं, पुलावर सगळे प्रवासी डोळे मिटून बसले होते, आणि आता मगर ब्रेक दाबते की कंडक्टरला गिळते एवढंच सांगायचं उरलं होतं. त्यासाठी आबांनी मगरीएवढा ‘आ’ केला आणि नेमक्या त्याच क्षणी मांडीवरची नात त्या ‘आ’मध्ये शिंकली. साधीसुधी नव्हे. नर्सरीतल्या एवढ्याशा जिवात इतका वारा कुठून येतो कोण जाणे. आबांचा चष्मा कपाळावर चढला आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलं म्हणायचं तेवढं बाकी राहिलं. ओठांवर, जिभेवर, टाळूवर बारीक गार शिंतोडे बसले. थुंकावं, चूळ भरावी, हे सुचायच्या आत त्यांनी आवंढा गिळला. “पुढे?” नात म्हणाली. तिला घरात फौजदार म्हणत, कारण दारातून आत आल्या आल्या कुणी कुठं बसायचं, कुणी उभं राहायचं आणि कुणी गप्प बसायचं हे ती ठरवायची. तिचं नाक वाहत होतं आणि ते तिनं आबांच्याच बाहीला पुसलं. “पुढे काय, मगर म्हणाली, तिकीट कुणाकडे नाही?” आबा म्हणाले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत मुलगी आणि बायको कुणाच्या तरी सासूबद्दल बोलत होत्या, पाठमोऱ्या. कुणी पाहिलं नव्हतं. आबांना भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं ते हायसं.

संध्याकाळी मुलगी आणि फौजदार गेल्यावर ते खुर्चीत बसून आतला कानोसा घेत राहिले. अजून काही नव्हतं. काही नसणार हे त्यांना माहीतच होतं. या पाहुण्याचा मार्ग त्यांना तोंडपाठ होता: आधी नाकाच्या मुळाशी गुदगुल्या, मग घशात कुणी खरखरीत कागद घासल्यासारखं, आणि मग एका सकाळी जिना चढताना छातीच्या तळाशी बारीक शिट्टी. कितीतरी वेळा हा प्रवास त्यांनी आतून पाहिला होता. आबांचा जन्म बसस्टँडवर माइकसमोर गेला, आणि त्या सगळ्या वर्षांत दिलेल्या वेळेवर पोहोचणारी एकही गाडी त्यांनी पाहिली नव्हती. वेळ पाळणारी ही एवढी एकच, आणि तिचं शेवटचं स्थानक त्यांची छाती. माइकवर ते म्हणत, गाडी थोड्याच वेळात सुटेल. गाडीचं इंजिन तेव्हा मागच्या आवारात सतरंजीवर सुटं करून मांडलेलं असे, मेकॅनिक जेवायला गेलेला असे, पण आबांचा आवाज असा खर्जातला आणि शांत की उठून उभी राहिलेली माणसं पुन्हा सामानावर बसत. त्या ‘थोड्याच वेळात’च्या भरवशावर एका जोडप्याचं स्टँडवर जमलं आणि गाडी लागेपर्यंत त्यांचं बाळ चालायला लागलं, असं आबा स्वतःच सांगत. ते खोटं असेल. पण त्यांच्या आवाजावर माणसं विश्वास ठेवत हे खरं होतं, आणि पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा हाच आवाज त्यांच्या कामी आला. की अंगलट आला? खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी नाकपुडी दाबून पाहिली. डावी. मग उजवी. मोकळ्या होत्या. तरी पाय हलत राहिला.

त्या पहिल्या वेळी फौजदार नुकतीच नर्सरीत जायला लागली होती आणि नर्सरीतली झाडून सगळी सर्दी गोळा करून घरी आणत होती, दुसरी मुलं चित्रं आणतात तशी. आबांना आधी सर्दी झाली, मग दम लागला, मग एका पहाटे असा लागला की बोलायला वारा उरला नाही. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस हातवारे करू लागला. दवाखान्यात तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क लावला, जरा बरं वाटलं, आणि कुणीतरी विचारलं, आधी काय झालं होतं? पलंगाच्या पायथ्याशी मुलगी उभी होती. कडेवर फौजदार. तिच्या नाकातून दोन रेघा ओठांपर्यंत आल्या होत्या आणि ती आबांच्या मास्ककडे हात करून ‘मला पण’ म्हणत होती. आबांनी त्या दोन रेघांकडे पाहिलं. मुलीचा स्वभाव त्यांना माहीत होता. ती एकदा घाबरली की पोरगी वर्षभर दिसली नसती. जिना चढून वर येणारी ती पावलं, दारावरची ती थाप, मांडीवरचं ते ऊन ऊन ओझं, सगळं बंद. मास्क बाजूला करून, स्टँडवरच्या त्याच शांत आवाजात ते म्हणाले, “काल कार्पेट झटकलं. धूळ.” सगळ्यांनी माना डोलावल्या. धुळीनं दम लागतो हे कुणाला माहीत नाही? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी, पण संन्यासी निदान ओरडतो तरी. धूळ बिचारी काय बोलणार!

कार्पेट गेलं. पुढच्या सर्दीला पडदे गेले. त्याच्या पुढच्या वेळी मांजर; तिला टोपलीत घालून मुलीच्या मैत्रिणीकडं पाठवलं, तर आपण एकटीच का म्हणून शेजारच्या गल्लीतल्या आणखी एका मांजराला घेऊन परत आली, मग दोघांना पाठवावं लागलं. दर वेळी मुलगी तोंडाला फडकं बांधून येई, घर पुसून काढी, एक वस्तू बाहेर नेई, आणि मधल्या काळात आबा आपोआप बरे होत, त्यामुळे प्रत्येक वस्तू गुन्हेगार ठरे. घर इतकं रिकामं झालं की खोकलं तर तिन्ही खोल्यांतून उत्तर येई, आणि धुळीचा एखादा कण वाट चुकून आत आलाच तर सोबतीअभावी झुरून मरत असावा. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मशीन नेता येत नव्हतं.

सोमवारी दुपारी नाकाच्या मुळाशी गुदगुल्या सुरू झाल्या आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला. बायकोचं शिवणाचं मशीन. लग्नात घेतलेली साडी जीर्ण झाली, घर दोनदा बदललं, मशीन होतं तिथं खिडकीशी होतं. त्यावर तिनं अर्ध्या वस्तीचे झगे, परकर, उशांचे अभ्रे शिवले होते आणि शिवताना ती हळू आवाजात कापडाशी बोलायची. गेल्या थंडीत आबांची छाती भरली तेव्हा काढायला घरात दुसरं काही उरलंच नव्हतं. मुलगी कंबरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली, भिरभिर पाहिलं, आणि म्हणाली, “आई, कापडाचा भुगा उडतो ना गं?” आबांनी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. ते खोकत होते. खोकला खरा होता, पण हवा होता त्याहून थोडा जास्त वेळ खोकले, एवढंच. मशीन शेजारणीकडं गेलं. आता ती रोज दुपारी चालवते, आणि बायको हातातलं काम थांबवून भिंतीकडं पाहते. आजही पाहिलं. “टाका सैल पडतोय,” ती म्हणाली. “तुला भिंतीतून दिसतं?” “ऐकू येतं. बॉबिन नीट भरली नाही मेलीनं.” मग आबांकडं वळून, “आणि तुमचा आवाज का असा? नाक बंद आहे?” “छे. जरा झोप नाही झाली.” “धूळ असेल,” ती म्हणाली. टोमणा होता की काय, ते त्यांना कळेना. तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. कळलं असतं तर संसार एवढा टिकला नसता.

मंगळवारी घसा. बुधवारी जिन्याच्या वळणावर शिट्टी. ती त्यांना बाहेरून आल्यासारखी वाटली, खाली कुणी मुलगा वाजवतोय असं वाटून त्यांनी कठड्यावरून वाकूनसुद्धा पाहिलं, आणि श्वास सोडला तर ती पुन्हा वाजली. कठडा धरून ते उभे राहिले. हवा आत जात होती, बाहेर येताना अडत होती. छाती भरलेली आणि तरी उपाशी, भरल्या ताटावर बसून हात बांधल्यासारखी. लहानपणी आजोळच्या विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो ही शर्यत असायची. आबा नेहमी हरायचे, आणि वर आल्यावर सांगायचे की खाली एका माशानं बोलत ठेवलं नाहीतर अजून राहिलो असतो. तेव्हापासून काही ना काही सांगतच आलो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते झटकलं. कार्पेट झटकावं तसं. दम लागल्यावर ओढायचा निळा पंप खिशात होता, दोनदा ओढला, जरा वाट मोकळी झाली. दुसरा, रोज घ्यायचा तपकिरी पंप कपाटात होता, नवाकोरा. बरं असताना औषध घेतो तो वेडा, असं त्यांचं मत होतं, आणि आजारी पडल्यावर ते मत बदलायला सवड होत नसे, कारण तेव्हा श्वासाखेरीज कशाचाच विचार सुचत नसे. वर आल्यावर बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं, मग रिकाम्या खोलीकडं पाहिलं. “आता काय काढायचं घरातून? मीच उरले.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मान खाली घालून ऐकायच्या. बायको बाहेर बाकावर बसली होती. आत दोघांना जागा नाही असं आबांनीच तिला सांगितलं होतं. पाठीला गार नळी लागली. “श्वास घ्या. सोडा. अजून.” नळी सरकली. “दर वेळी आधी सर्दी होते का हो तुम्हाला?” आबांची पाठ ताठ झाली, आणि ते बाईंना नळीतून ऐकू गेलं असेल का, असं त्यांना वाटून गेलं. “आठवत नाही बुवा. धूळ मात्र असते.” “धुळीचाही त्रास होतो काहींना. पण दमा असलेल्या माणसाला बहुतेक वेळा साधी सर्दीच पाडते. नळ्या आधीच हळव्या असतात, सर्दीनं आणखी सुजतात, आवळतात, आत चिकट साचतं. लहान मुलं आहेत का घरी?” “घरी नाहीत,” आबा म्हणाले. ते शब्दशः खरं होतं. “तपकिरी पंप रोज घेता?” “घेतो की.” “अँटिबायोटिक नकोय आत्ता, ही सर्दीच आहे. गोळ्या देते, निळा पंप सांगते तसा घ्या, श्वास आणखी लागला तर थांबू नका, लगेच या. बरं वाटलं की फ्लूची लस घ्या.” बाहेर आल्यावर बायको उठली. “काय म्हणाल्या?” आणि आबांच्या तोंडून तो शांत, खर्जातला, आता थोडा चिरलेला आवाज निघाला, “काय म्हणणार? धूळ.” ती चालू लागली. फुटपाथवर ती नेहमी एक पाऊल मागं असे, त्या दिवशी ती पुढं होती आणि थांबून पाहत नव्हती. आबा मागून शिट्टी वाजवत.

गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला. फोन टीपॉयवर होता, आबांना हातात धरवत नव्हता म्हणून बायकोनं स्पीकर लावला. मुलगी घाईत बोलत होती, तिचा घाईचा आवाज आणि बादलीचा आवाज एकात एक येत होते. “बाबा, घाबरू नका हं. फौजदाराला पण तुमच्यासारखंच झालंय. पाठ वाजतेय. सर्दी तर काय तिला बारा महिने असतेच, पण परवापासून खोकते आणि पोट आत आत जातंय श्वास घेताना.” “डॉक्टरकडे...” बायको म्हणाली. “अगं आई, डॉक्टर काय वेगळं सांगणार? बाबांचं बघतोय ना आपण. मी काल दिवसभर तेच करतेय. गादी बदलली, गालिचा काढला, तिचा तो कापडी ससा होता ना, तो टाकला, रडली खूप, पण टाकला. खिडक्या बंद केल्यात. बागेत नाही, मातीत नाही. फरशी तर सारखी पुसतेय. तरी कमी नाही.” बादली थांबली. “बाबा, तुम्ही अनुभवी. अजून काय काढू?”

आबांनी तोंड उघडलं आणि वारा आला नाही. तिचा प्रश्न खोलीत उभा राहिला, कंबरेवर हात ठेवून भिरभिर पाहत. तिच्या घरात काय काय आहे ते ते आठवू लागले: उशा, पडदे, चित्रांची पुस्तकं, ते सगळं एकेक करून जिन्यावरून खाली जाताना त्यांना दिसलं, आणि रिकाम्या फरशीवर मधोमध पोरगी, पोट आत आत जातंय. बंद खिडक्या. दर घटकेला ओली फरशी. आणि आई तोंडाला फडकं बांधून चोर शोधतेय, आणि चोर पोरीच्या नाकातच बसलेला. “थांबा, ती बोलतेय,” मुलगी म्हणाली, आणि फोनमध्ये श्वास आला. आत जाणारा छोटा, बाहेर येणारा लांब, आणि त्याच्या शेवटाला बारीक, कपबशीवर नख ओढावं तसं काहीतरी. आबांच्या स्वतःच्या छातीत तेच वाजत होतं, थोडं खालच्या पट्टीत. क्षणभर दोन्ही एकाच वेळी वाजलं आणि कुठलं कुणाचं ते त्यांना सांगता आलं नसतं. “आबा,” फौजदार म्हणाली, “माझ्या पोटात... शिट्टी आहे. तू ठेवलीस?”

“हो,” आबा म्हणाले. मग खोकले, मग निळा पंप ओढला, बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला तो हातानंच मागं सारला. “आईला दे फोन. ऐक गं. फरशी सोड. खिडक्या उघड. धूळ नव्हती कधी.” “म्हणजे?” “सर्दी. मला दर वेळी आधी सर्दी होते. तिची. ती शिंकते, मग मला होते, मग छातीत उतरते. कार्पेट, मांजर, काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. तिलाही सर्दीनंच झालंय. तिला आत्ता ने. पोट आत जातंय म्हणजे थांबायचं नाही. आत्ता, तशीच ने.” प्रत्येक दोन शब्दांत एक श्वास होता, आणि असं तुटक, धापा टाकत, ओबडधोबड बोलणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. त्या आवाजावर स्टँडवर एक कुत्रंही थांबलं नसतं. “तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?” “हो.” “आणि मी ससा टाकला.” “हो.” “आणि आईचं मशीन...” “अगं तू नीघ आधी!” हे बायको ओरडली. फोन बंद झाला.

मग ती खुर्चीत बसली, आबांच्या समोर. आबा तिच्या हातांकडं पाहत होते. शिवणाऱ्या माणसाचे हात रिकामे बसले तरी बोटं कापड चाचपत असतात. “कार्पेट मला कधी आवडलंच नाही,” ती म्हणाली. “पडद्यांचंही काही नाही. मांजर तुमचीच होती. मशीन काढलं त्या दिवशी तुम्ही जास्तीचं खोकलात.” आबांना वाटलं, आता काहीतरी बोलावं, क्षमा मागावी, निदान एखादी गंमत करावी, एखादी मगर, एखादा बोलणारा मासा. काही आलं नाही. “मला वाटलं, मी बाजूला बसून एवढी शिवत असते, कंटाळले असतील आवाजाला,” ती म्हणाली. “वर्ष होत आलं, मी तेच समजत होते.” आणि उठून तिनं कपाटातून तपकिरी पंप आणला, वेष्टण दातानं फाडलं आणि त्यांच्या हातावर आपटला. “रोज. माझ्यासमोर. नंतर चूळ भरायची. आणि माझ्याशी बोलायचं नाही.” दुपारी ती शेजारणीकडं गेली, गप्पा मारायला नाही, शिवायला. तेव्हापासून रोज जाते. मशीन परत आणू का असं आबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, “राहू दे तिथंच. तिथं मला कुणी खोकत नाही.”

मुलीचा फोन त्या दिवशी उन्हं उतरल्यावर आला, आणि तोवर आबा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत इतके हिंडले होते की तेवढ्यात दुसऱ्या गावाला पोहोचले असते. तोंडावर मास्क लावून औषध दिलं, पोट आता आत जात नाही, झोपलीय. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. ती रागावली असती तर आबांना सोसलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तिचं नाक वाहतंय तोवर मी तिला नाही आणणार. तुमच्यासाठीही नाही आणि तिच्यासाठीही नाही. नाक कोरडं झालं की येऊ. हात धुऊन, तोंडाजवळ न जाता.” “बरोबर आहे,” आबा म्हणाले. नर्सरीतल्या पोराचं नाक थंडीच्या दिवसांत कोरडं कधी होतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर दिवस नुसते पडून राहिले. आबांची छाती हळूहळू मोकळी झाली, जिना चढताना कुणी शिट्टी वाजवेनासं झालं, श्वास आत गेला तेवढा बाहेर आला, आणि एवढी सगळी हवा घेऊन करायचं काय हे त्यांना कळेना. ते खुर्चीवरून उठत, पुन्हा बसत. दारावर थाप पडली की अर्धे उठत; तो गॅसवाला असे. मनात मगर अजून पुलावरच उभी होती.

मग एका दुपारी, बायको शेजारी गेलेली असताना, फोन वाजला. “आबा,” कुजबुजत फौजदार म्हणाली. आईच्या पर्समधनं फोन काढला असणार. “मी कपाटात आहे.” “कुठं?” “कपाटात. आबा, आईला सांग माझं नाक कोरडं आहे. तू सांग. तुझं ऐकते ती.” आबा सरळ बसले. त्यांना तिचं अंधारातलं बसणं दिसलं, गुडघे जवळ, फोन दोन्ही हातांनी धरलेला. “कोरडं आहे खरंच?” “हो,” ती म्हणाली आणि तो ‘हो’ इतका शांत, इतका भारदस्त होता की तो ऐकून कुणीही पुन्हा सामानावर बसलं असतं. त्यांनीही बसावं असं त्यांना फार वाटलं. उद्या रविवार होता. एक शब्द बोलायचा होता. आणि तेवढ्यात पलीकडे, अगदी हळू, लपवून, नाक वर ओढल्याचा आवाज आला. “आईला हाक मार,” आबा म्हणाले. “सांगशील?” “हाक मार.” कपाटाचं दार करकरलं, उजेड झाला असावा, कुणी तरी ‘अगं इथे काय करतेस’ म्हणालं. “बाबा? काय झालं?” आबांनी डोळे मिटले. “वाहतंय गं अजून तिचं,” ते म्हणाले. “मी ऐकलं. उद्या नका येऊ.”

आणि तिकडे जो टाहो फुटला तो तीन घरांत ऐकू गेला असेल. फौजदार रडू लागली, फसवलं म्हणून, आबा वाईट म्हणून, मला नको आबा म्हणून. मुलगी म्हणाली, “ठेवते बाबा, हिला बघते.” “नको,” आबा म्हणाले, “राहू दे जरा तसाच.” फोन कानाला घट्ट लावून ते ऐकत राहिले. एक लांबलचक हंबरडा, मग श्वास, भरपूर, खोल, थेट तळापर्यंत, आणि पुन्हा हंबरडा, आधीच्याहून मोठा. आबांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला होता. पोरीचं रडणं अगदी शेवटपर्यंत गेलं, आणि त्यात कुठेच शिट्टी नव्हती.